ट्रॅमकाका

भिवंडीत ट्रॅम कधी नव्हती. मुंबईची घोड्यांची ट्रॅम १८७४ साली सुरू झाली, पुढे विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री कायमची बंद झाली. या नव्वद वर्षांत तिला खाडी ओलांडून आमच्याकडे यावंसं वाटलं नाही. तरीही धामणकर नाक्याजवळच्या एका चहाच्या टपरीसमोरून रोज सकाळी साडेसातला एक ट्रॅम सुटते. ब्रेक निकामी, पुढे रुळावर पाच माणसं, बाजूच्या फाट्यावर एक, आणि रूळ बदलायचा एक खटका. खटका ओढला तर एक मरतो, नाही ओढला तर पाच. ही ट्रॅम चालवतात ट्रॅमकाका, आणि खटका मात्र दर वेळी दुसऱ्याच्या हातात देतात.

काकांचं खरं नाव टपरीवाल्याच्या उधारीच्या वहीतही नाही. तिथे नुसतं 'ट्रॅम' लिहिलंय आणि पुढे एक रक्कम, जी फक्त वाढतानाच पाहण्यात आली आहे.

पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. पांढरा लेंगा-झब्बा, खिशात दोन पेनं, हातात नातवाकडून छापून घेतलेल्या निबंधांची गुंडाळी. उमेदीची सगळी वर्षं धोट्याच्या चोवीस मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे ऐकू कमी येतं आणि बोलणं अजून कारखान्यातल्याच पट्टीत. तिथे शेजारच्या मागावरच्या माणसाला 'तार तुटली' एवढं सांगायलाही ओरडावं लागे. काका त्याच आवाजात 'समजा' म्हणतात. नाक्यावरच्या गर्दीत तो 'समजा' कानावर आला की ओळखीची माणसं पलीकडच्या बाजूनं जातात. आम्ही चार-पाच जण जात नाही. इतक्या स्वस्तात इतके मुडदे पडताना आम्हाला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

मूळ लागण दादरची. १९७० च्या सुमाराला काका कीर्ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते. तिथे मे. पुं. रेगे तत्त्वज्ञान शिकवत. एका पावसाळी दुपारी काका भिजू नये म्हणून समोर उघडा दिसला त्या वर्गात शिरले, तो रेग्यांचा तास निघाला. त्या तासाला ऐकलेला एक प्रश्न जन्मभर पिच्छा सोडत नाही, असं ते सांगतात. कुठला प्रश्न, असं विचारलं तर म्हणतात, "तोच तर आठवत नाही." पुढे वडिलांनी कारखान्यात बसवलं. दि. य. देशपांड्यांनी १९९० साली नागपूरहून मासिक काढलं, तेच पुढचं 'आजचा सुधारक'. काकांनी ते लावलं आणि सुताच्या बिलांच्या फायलीतच अंक लावत गेले. एका वर्षी हिशेबाच्या कागदांबरोबर विवेकवादावरचा एक लेखही तपासनिसाकडे गेला. त्यानं 'तपासले, बरोबर आहे' असा शिक्का मारून तो परत पाठवला. काका म्हणतात, मराठी वैचारिक लेखनाला एवढी नि:संदिग्ध दाद दुसरी मिळालेली नाही. नंतर मंदी आली, माग भंगारात किलोवर गेले, गाळा भाड्यानं दिला आणि काका पूर्ण वेळ नीतीच्या धंद्यात उतरले.

ट्रॅमची कुळकथा ते अशी सांगतात. हा पाच आणि एकाचा पेच फिलिपा फूट या ऑक्सफर्डच्या विदुषीनं १९६७ साली, गर्भपातावरच्या एका निबंधात जाता जाता मांडला. त्या अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या नात होत्या, हे काका दर वेळी आवर्जून सांगतात. स्थळ सांगून आलंय असं वाटावं. मग ज्युडिथ जार्विस थॉमसन या दुसऱ्या बाईंनी १९७६ आणि १९८५ साली पेच आणखी आवळला. त्यांनी खटक्याजवळ एक तिऱ्हाईत उभा केला आणि रुळावरच्या पुलावर एक जाड्या. जाड्याला खाली ढकललं तर ट्रॅम त्याला अडून थांबते, पाच वाचतात. हिशेब तोच, पाचांसाठी एक. तरी खटका ओढायला तयार होणारी माणसं जाड्याला हात लावायला तयार नसतात. का नसतात, यावर पन्नास वर्षं जगभर शाई वाहते आहे.

भिवंडीत ती वाहिली नाही, कारण इथे प्रश्नाच्या आत कोणी शिरतच नाही. परदेशातला विद्यार्थी 'समजा' म्हटलं की समजतो. आमचा माणूस आधी कागदपत्रं मागतो.

"गाडी किसकी है?" हा रिक्षावाल्याचा पहिला प्रश्न. काका म्हणाले, त्यानं फरक पडत नाही. "पडतो कसा नाही? सरकारी असेल तर मेलेल्याच्या घरी काहीतरी मिळतं. प्रायव्हेट असेल तर वकील लागतो." बांधकामाच्या ठेकेदारानं दुसऱ्या फाट्याचं काम कितीला गेलं होतं याची चौकशी केली. मुकादमाला शंका वेगळीच. रुळावर पाच माणसं एकाच जागी काय करत होती? "एक काम करत असणार, चार बघत असणार. बाजूच्या फाट्यावरचा एकटा आहे, म्हणजे तो कामाचाच. इकडे कामाचा एक, तिकडे कामाचा एक. झाली बरोबरी." काकांनी त्याला सांगितलं की जॉन टॉरेक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९७७ साली, माणसं वाचवताना डोकी मोजावीतच का, असा निबंध लिहून खळबळ उडवली होती. मुकादम म्हणाला, "त्याच्याकडेपण आमच्यासारखीच माणसं कामाला असतील."

सगळ्यात भारी पडल्या त्या बिशीवाल्या मावशी. बिशी म्हणजे मागावरच्या कामगारांची महिनेवारी खानावळ. मावशींच्या बिशीत दोन पाळ्यांची ताटं वाढली जातात आणि कोणाचे किती दिवस खाडे झाले ते सगळं त्यांच्या तोंडपाठ. काकांनी त्यांना पुलावर नेऊन उभं केलं. मावशी भाजी ढवळता ढवळता म्हणाल्या, "त्या बाबाला कशाला ढकलायचं? तुम्ही स्वतः मारा की उडी. तुम्ही काय कमी आहात का अंगानं?"

"मावशी, समजा मी बारीक आहे."

"मग गप उभे राहा. स्वतःचा जीव द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या जिवाचं दान करायचं. तुम्हाला कोणी बसवलंय हिशेबाला?"

काका नाक्यावर येऊन खूप हसले. याला अतात्त्विक उत्तर म्हणतात, असं म्हणाले. मग एके दिवशी नातवानं थॉमसनबाईंचा २००८ सालचा निबंध छापून आणला. त्यात बाईंनी स्वतःचंच जुनं मत मागे घेतलं होतं: तिऱ्हाइताला खटका ओढायचा अधिकार नाही. स्वतःचा जीव देऊन पाचांना वाचवायला जो तयार होणार नाही, त्यानं ती किंमत दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये. थॉमसनबाईंना तिथे पोचायला १९८५ पासून तेवीस वर्षं लागली. मावशींना भाजी शिजेपर्यंत. काका पुढे बरेच दिवस टपरीवर दिसले नाहीत. मावशींना त्यांनी हे अजून कळू दिलेलं नाही.

मात्र फूटबाईंच्या आधी अर्धशतक ट्रॅम मराठीत येऊन गेली होती, हा शोध काकांचा, आणि तो खरा आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेलं आणि १९१५ साली छापलेलं 'गीतारहस्य' उघडा. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख या मताचा समाचार घेताना टिळक अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराची गोष्ट सांगतात. ट्रॅमची परवानगी रखडली होती. कंपनीच्या व्यवस्थापकानं अधिकाऱ्यांना पैसे चारून ती मिळवली, ट्रॅम झाली, सगळ्या शहराची सोय झाली. मागाहून लाच उघडकीला आली. पहिल्या ज्यूरीचं एकमत होईना, दुसरीनं त्याला दोषी ठरवलं. सुख तर पुष्कळांना झालं, मग गुन्हा कसला, हा टिळकांचा सवाल. कारण नुसतं सुख मोजून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी बघावी लागते. मला विचाराल तर फूटबाईंच्या ट्रॅमपेक्षा ही ट्रॅम जास्त धोकादायक आहे, कारण ती अजून धावते. नाक्यावरसुद्धा ही एकच ट्रॅम अशी, की जिच्याबद्दल कोणी कागदपत्रं मागितली नाहीत. ठेकेदार तेवढा चकित झाला. "पैसे दिले आणि काम खरंच झालं? मग खटला कशाला भरला?"

'गीतारहस्या'ची ही प्रत गावातल्या एका जुन्या वाचनालयाची आहे. ती काकांच्या घरी केव्हा आली हे आता वाचनालयालाही सांगता येणार नाही. यावरून कोणी टोकलं तर काकांकडे निबंध तयार असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एरिक श्विट्झगेबल या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं ग्रंथालयांची तपासणी करून २००९ साली दाखवून दिलं की, नीतिशास्त्रावरची फारशी कोणाला माहीत नसलेली आधुनिक पुस्तकं, जी प्राध्यापक आणि वरच्या वर्गातले विद्यार्थीच नेतात, ती तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांपेक्षा सुमारे दीडपट प्रमाणात गायब असतात. "म्हणजे परंपरा आहे," काका म्हणतात. "मी ती मराठीत चालवतोय."

एवढ्या वाचनाचा कोणाला प्रत्यक्ष फायदा झाला असेल तर तो काकांच्या शेजारच्या चाळीतल्या एका बिऱ्हाडाला. उन्हाळ्याची दुपार होती. त्या बिऱ्हाडानं खांबावरच्या तारेवर आकडा टाकून कूलर लावला होता आणि हे सगळ्या आळीला माहीत होतं. वीजचोरी पकडणारं पथक आलं. ओट्यावर वाचत बसलेल्या काकांचा सज्जन चेहरा बघून पथकाच्या साहेबांनी विचारलं, "काका, इथे कोणी आकडा टाकतं का?"

दुसरा कोणी 'काय माहीत' म्हणून मोकळा झाला असता. काकांनी पुस्तक मिटलं. "साहेब, बसा. तुमचा प्रश्न कर्णपर्वात आहे."

साहेब उभेच राहिले. काकांनी मागावरच्या आवाजात सुरुवात केली. कौशिक नावाचा एक ब्राह्मण होता. सत्यच बोलायचं, असं त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं काही लोक पळत आले आणि त्याच्या देखत झाडीत लपले. मागून दरोडेखोर आले, लोक कुठे गेले म्हणाले. कौशिकानं खरं सांगितलं. लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. "आता तुम्हीच सांगा, मी खरं बोलू का?"

"अहो, पण आम्ही दरोडेखोर नाही! आम्ही चोर पकडायला आलोय."

"तोच तर पेच आहे. विचारणारा बदलला की धर्म बदलतो का? जर्मनीतला कांट म्हणतो, नाही. १७९७ साली त्यानं लिहून ठेवलंय, दारात मारेकरी येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी खोटं बोलायचं नाही."

पथकातला शिडी धरलेला पोरगा आता पुढे सरकला होता. "मग मित्राचं काय झालं?"

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची बदलीच व्हावी. पण काकांना श्रोता मिळाला होता. मित्र मागच्या दारानं निघून गेलेला असू शकतो, ही कांटची तोड त्यांनी सांगितली. मग गांडिवाचा अपमान केला म्हणून धर्मराजालाच मारायला निघालेला अर्जुन आला, त्याला आवरणारा कृष्ण आला. मध्ये मध्ये 'आकडा', 'पथक', 'खरं सांगू का' हे शब्द चाळीच्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचत होते. तिथे कूलर बंद झाला, आकडा उतरला, वायर गुंडाळून तांदळाच्या डब्यात गेली. अर्ध्या तासानं पथकानं सगळी चाळ पाहिली आणि पाणी पिऊन ते निघून गेलं. शिडीवाल्या पोरानं 'कर्णपर्व' हे नाव तळहातावर लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी शेजारीण शिऱ्याची वाटी घेऊन आली. काकांनी ती घेतली नाही. ते खरोखर अस्वस्थ होते. "न बोलता सुटत असेल तर बोलूच नये, असं कृष्ण म्हणतो. मी तर अर्धा तास बोलत होतो. खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही. आकडा निघेल हे मला दिसत होतं, पण तो निघावा म्हणून मी बोलत नव्हतो. फूटबाईंचा मूळ निबंध नेमका यावरच आहे, वहिनी. जे होणार हे दिसतं आणि जे व्हावं म्हणून करतो, ते एकच का? तुम्हाला काय वाटतं?" वहिनींनी वाटी काकूंकडे दिली. काकूंनी शिरा कोणत्याही हेतूशिवाय खाल्ला.

काकूंचं आणि तत्त्वज्ञानाचं एकदाच समोरासमोर झालं. वज्रेश्वरीला गेल्या असताना नदीकाठी बसून त्यांनी सहज विचारलं, "अहो, मी आणि दुसरी कोणी बाई बुडत असली तर आधी कोणाला काढाल?"

"तुला," काका ताबडतोब म्हणाले. काकूंना बरं वाटलं. तेवढ्यावर थांबायचं, तर काकांनी आधार दिला. "बर्नर्ड विल्यम्सनं सांगितलंय. जो नवरा आधी थांबून विचार करतो, की ही माझी बायको आहे आणि अशा प्रसंगी बायकोला वाचवणं नीतीला धरून आहे, त्या नवऱ्याच्या डोक्यात एक विचार जास्त झाला."

"म्हणजे तो कोण विल्यम्स, त्यानं सांगितलं म्हणून मला काढणार होय?"

परत येताना एसटीत काकू वेगळ्या सीटवर बसल्या. मला नेहमी वाटतं, विल्यम्सला हे कळलं असतं तर त्यानं तळटीप दिली असती.

गणपतीच्या वर्गणीच्या दिवसांत काकांना तत्त्वज्ञ पीटर सिंगर आठवतो. उथळ तळ्यात मूल बुडतंय, बूट-कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग दूर देशी उपाशी मरणाऱ्या मुलासाठी तेवढेच पैसे का देत नाही? सिंगरनं हे १९७२ साली छापलं ते पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या नव्वद लाख निर्वासितांकडे बोट दाखवून, हे काका मंडळाच्या पोरांना ऐकवतात. मंडपाच्या रोषणाईवर खर्च करणं म्हणजे मूल बुडू देणं आहे, असा त्याचा अर्थ लावतात, आणि पावती टळते. तीन गणपती हे चाललं. चौथ्या वर्षी मंडळाचा खजिनदार कॉमर्सचा पोरगा होता. तो म्हणाला, "काका, पटलं. पाचशे एक रुपये वाचले तुमचे. आता ते निर्वासितांना पाठवल्याची पावती दाखवा, आम्ही जातो." काकांनी बूट भिजवले.

नातवानं एकदा मोबाइलवर एमआयटीचा मॉरल मशीन नावाचा खेळ दाखवला. आपोआप चालणाऱ्या मोटारीनं कोणाला चिरडावं आणि कोणाला सोडावं, याचे जगभरातून सुमारे चार कोटी कौल त्यात गोळा झाले. २०१८ साली निष्कर्ष 'नेचर'मध्ये आले. म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना वाचवावं याकडे एकंदर कल निघाला. तेव्हापासून काका कॉलेजच्या पोरांबरोबर रस्ता ओलांडत नाहीत.

एकदा मात्र गाडी वेगळ्याच रुळावर गेली. अंजूरफाट्याला गोदामाबाहेर कंटेनर रिकामा होईपर्यंत ताटकळलेला एक ड्रायव्हर टपरीवर आमच्यात बसला होता. विल्यम्सचाच दुसरा दाखला काकांनी त्याला सांगितला: ट्रकवाल्याची काडीचीही चूक नाही, मूल अचानक पुढ्यात येतं आणि मरतं. दोष नसताना त्या ट्रकवाल्याला जे वाटतं, ते काय आहे? बाजूनं बघणाऱ्यालाही वाईट वाटतं, पण ते वेगळं. विल्यम्सनं हे १९७६ साली मांडलं, तेव्हा थॉमस नेगेलनं–

ड्रायव्हर म्हणाला, "पोलिसांनी पण तेच लिहिलं होतं. चूक नाही."

कोणी काही बोललं नाही. कसाऱ्याच्या अलीकडची एक जागा त्यानं सांगितली. तिथून जाताना तो अजून क्लीनरला बोलू देत नाही, एवढंच म्हणाला. मग गोदामातून हाक आली आणि तो उठला. नेगेलचं काय झालं ते काकांनी पुढे सांगितलं नाही. त्याच्या चहाचे पैसे त्यांनी दिले, आणि रोख दिले. टपरीवाल्यानं नोट उजेडात धरून पाहिली.

सध्या काका आनंदात असायला हवेत, कारण भिवंडीला रूळ येताहेत. ठाण्याहून कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा असं करत धामणकर नाक्यापर्यंत मेट्रो ५ चे खांब उभे राहिले. टपरीवरून मान वर केली की दिसतात. पण काका खांबांकडे बघून वैतागलेले. आयुष्यभर ट्रॅम पुलाखालून गेली. जाड्या वर, ट्रॅम खाली, तेव्हा कुठे ढकलता येतं. इथे पुलावरच रूळ.

"सगळा पेच उलटा झाला," काका रिक्षावाल्याला सांगत होते. "गाडी वर आणि माणसं खाली. समजा तिचा ब्रेक निकामी झाला, तर जाड्याला ढकलायचं कुठून?"

रिक्षावाल्यानं खांबाची उंची नजरेनं मोजली, मग काकांची रुंदी. "क्रेन लागेल, काका. ऑपरेटर माझ्या ओळखीचा आहे. पण ॲडव्हान्स घेतो."